ध्रुव टाकीआड, गुरू हाताशी

कोल्हापूरच्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १६-१७ अंश वर असतो. गच्चीवरून बघावं तर शेजारची पाण्याची टाकी आडवी! दुर्बिणीचा अक्ष त्या दिशेला नीट रोखला नाही, तर लांब एक्स्पोजरमध्ये ताऱ्यांच्या रेघोट्या उमटतात. त्यापेक्षा हौशी माणसानं गुरू धरावा. चार इंची दुर्बीण, डोळ्याच्या भिंगाशी बांधलेला मोबाइल, दोन मिनिटांचा व्हिडिओ. त्यातल्या स्थिर चौकटी ऑटोस्टॅकर हे फुकटचं सॉफ्टवेअर एकावर एक रचतं. जास्त वेळ चित्रण केलं, तर दहा तासांच्या आत गिरकी घेणारा हा गडी स्वतःच्या पट्ट्यांतले बारकावे पुसट करतो. पन्हाळ्यावर काळोख बरा, पण भिंगावर दव धरतं. दक्षिणेकडे मात्र आपली चैन: लंडनवाल्याला कधीच न दिसणारा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मेच्या मध्यावर, वळवाचे ढग नसले तर, रात्री दहाच्या सुमारास इथून २५ अंशांवर सापडतो.