ज्याला आपली गरज नाही, त्याला तसे सांगा

फॉर्म 16 देण्याची मुदत 15 जूनला संपते. तिथून 31 जुलैपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांना मान वर करायला फुरसत नसते. या दिवसांत पगारदार माणूस दारात येतो आणि विचारतो, "साहेब, रिटर्न भरायचे किती घ्याल?" त्याच्या मनात याच्या आधीचा एक प्रश्न असतो: या कामासाठी कुणाला पैसे द्यायची मला गरज तरी आहे का? तो प्रश्न तो आपल्याला विचारत नाही, कारण उत्तर देणाऱ्याचाच त्यात फायदा आहे हे त्याला कळते. या संपादकीयात त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल लिहायचे आहे. उदाहरण बेल्लमपल्लीचे घेतो.

चंद्रपूर, राजुरा, बल्लारपूरच्या वाचकांना हे गाव परके नाही. बल्लारशाहहून काझीपेठकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सिरपूर कागजनगर आणि आसिफाबाद रोड मागे पडले की बेल्लमपल्ली येते. गाव जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, 2016 पासून मंचेरियाल जिल्ह्यात गेलेले, आणि कोळशावर उभे राहिलेले. कोळसा काढते ती सिंगरेणी कोलियरीज, जिचे 51 टक्के भाग तेलंगण सरकारकडे आणि 49 टक्के केंद्राकडे आहेत. आपल्याकडे वेस्टर्न कोलफील्ड्स आणि तिकडे सिंगरेणी, पण दोन्हीकडच्या खाण कामगारांचा पगार एकाच राष्ट्रीय कोळसा वेतन कराराने ठरतो. त्यामुळे बेल्लमपल्लीच्या कामगाराबद्दल जे खरे, ते घुग्गुस आणि सास्तीच्या कामगारालाही बहुतांशी लागू पडते.

या कामगाराचे करवर्ष समजून घेतले पाहिजे. दसऱ्याच्या सुमारास सिंगरेणी आपल्या नफ्याचा वाटा कामगारांना देते. 2025 मध्ये हा वाटा 34 टक्के होता आणि कायम कामगाराच्या हाती सरासरी 1 लाख 95 हजारांच्या आसपास रक्कम आली. दिवाळीच्या तोंडावर कोळसा उद्योगाचा बोनस येतो, तो 2025 मध्ये 1 लाख 3 हजार होता. म्हणजे थोड्याच आठवड्यांत तीन लाखांच्या घरात पैसा जाहीर होतो आणि त्याच पगारपत्रकांवर करकपातीचा आकडाही मोठा दिसतो. जमिनीखाली शिफ्ट करून आलेल्या माणसाला तो आकडा बोचतो. कोळसा कामगारांना आयकरातून सूट द्यावी ही इथल्या कामगार संघटनांची मागणी जुनी आहे. तिच्यामागे ही बोच आहे, आणि ती मी तरी अवाजवी मानत नाही. मात्र या बोचेचाच फायदा घेणारा एक माणूस खाणींच्या पट्ट्यात, रेल्वे कॉलन्यांत, पोलीस वसाहतींत आता सगळीकडे भेटतो. तो म्हणतो, कापलेले सगळे परत आणून देतो, आलेल्या रकमेतली टक्केवारी तेवढी द्या.

हा आपलाच व्यवसायबंधू आहे हे मान्य करून पुढे जाऊ. 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागाने देशभर खोट्या वजावटींविरुद्ध पडताळणी मोहीम उघडली, तेव्हा प्रत्यक्ष कर मंडळाने आपल्या निवेदनात अशा मध्यस्थांची पद्धत सविस्तर सांगितली होती: कमिशनच्या बोलीवर फुगवलेला रिफंड, घरभाडे भत्ता, राजकीय देणगी, शैक्षणिक कर्ज, वैद्यकीय विमा, गंभीर आजारावरचा खर्च अशा वजावटी न घडलेल्या व्यवहारांवर दाखवणे, आणि शेकडो विवरणपत्रांसाठी तात्पुरते ईमेल पत्ते काढून नंतर ते टाकून देणे. शेवटची गोष्ट मला सगळ्यात निर्दय वाटते. नोटीस त्या टाकून दिलेल्या पत्त्यावर जाते आणि करदात्याला तिचा पत्ताच नसतो. ज्यांची नावे यात आली त्यांत सार्वजनिक उपक्रमांचे आणि सरकारी खात्यांचे कर्मचारी होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40 हजार करदात्यांनी विवरणपत्रे दुरुस्त करून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते.

आता बेल्लमपल्लीच्या कामगाराचे गणित कागदावर मांडू. 2025-26 मध्ये वर्षाचा एकूण पगार, वाटा आणि बोनस धरून, 13 लाख रुपये आहे असे समजा. नव्या करप्रणालीत 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात 12 लाख 25 हजार. मर्यादेच्या किंचित वर गेल्याने सीमांत सवलत लागू होते आणि कर 25 हजार, उपकरासह 26 हजार येतो. हाच माणूस जुन्या प्रणालीत गेला तर? प्रमाणित वजावट 50 हजार. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा धरून 80सीचे दीड लाख. भूमिगत खाणीत काम असेल तर अंडरग्राउंड भत्त्यावर महिन्याला 800 रुपयांपर्यंत सूट, म्हणजे वर्षाचे 9,600. एवढ्यावर त्याचा कर उपकरासह 1 लाख 45 हजारांच्या पुढे जातो. जुन्या प्रणालीत तो 26 हजारांवर आणायचा तर प्रमाणित वजावटीखेरीज 6 लाख 87 हजार 500 रुपयांच्या सवलती दाखवाव्या लागतील. दीड लाख आणि 9,600 मध्ये विम्याचे 25 हजार आणि घरकर्जाच्या व्याजाचे पूर्ण दोन लाख मिळवले तरी बेरीज 3 लाख 84 हजार 600 होते. त्यातही तो कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो, म्हणजे घरभाड्याची सूट नाही.

तेव्हा अशा पगाराच्या कामगाराला कुणी "जुन्या प्रणालीतून रिफंड काढतो" म्हणाला, तर उरलेले तीन लाख तो कुठून आणणार हे विचारायलाही नको. पगार 12 लाख 75 हजारांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत कर शून्यच आहे. जास्तीची कपात झाली असेल तर ती साध्या विवरणपत्राने परत येते, त्यात कुणाच्या कौशल्याचा भाग नाही. त्या रिफंडातून टक्केवारी घेणे म्हणजे माणसाचे स्वतःचे पैसे त्याला परत करण्याचे शुल्क घेणे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. ज्याला एकाच कंपनीचा पगार आहे, बँकेतल्या ठेवीचे व्याज आहे, नवी प्रणाली आहे आणि वर्षभरात दुसरे काही घडलेले नाही, त्याला आपण स्पष्ट सांगावे की तुम्हाला आमची गरज नाही. पोर्टलवर विवरणपत्र फुकट भरता येते, पगार आणि कपातीचे आकडे त्यात आधीच भरलेले येतात, वार्षिक माहिती विवरणाशी ताळा करायला अर्धा तास पुरतो. त्याच्या घरात मोबाइल हाताळणारी मुलगी किंवा मुलगा असतोच. पहिल्या वर्षी त्या मुलीला शेजारी बसवून शिकवा आणि त्या अर्ध्या तासाची रीतसर फी घ्या. पुढच्या वर्षी ती स्वतः भरेल.

हे लिहिताना छोट्या गावातल्या सल्लागाराची मिळकत माझ्या डोळ्यांसमोर आहे. पाचशे रुपयांची साधी विवरणपत्रे हाच अनेकांचा जून-जुलैचा आधार असतो. स्वस्त मदतीची सोय सरकारनेही करून पाहिली. 2006 च्या योजनेत प्रशिक्षित विवरणपत्र तयारकाला करदात्याकडून जास्तीत जास्त 250 रुपये घेता येत. एवढ्यात घर चालत नाही, हे वेगळे सांगायला नको. पण साध्या विवरणपत्रांचे काम असेही आटत चालले आहे, आणि त्या जागी टक्केवारीचा धंदा उभा राहत आहे. आपण कुठल्या कामावर जगायचे हे ठरवायची वेळ हीच आहे. आणि खाणींच्या पट्ट्यात खरे काम कमी नाही.

थकबाकीचेच पाहा. अकरावा वेतन करार मे 2023 मध्ये झाला, पण लागू झाला 1 जुलै 2021 पासून. सिंगरेणीच्या कामगारांना 23 महिन्यांची थकबाकी सप्टेंबर 2023 मध्ये एकदम मिळाली. तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्न एकाच वर्षात येऊन पडले आणि कराचा टप्पा चढला. अशा वेळी कलम 89 खाली सवलत मिळते, नव्या प्रणालीतही मिळते. पण त्यासाठी थकबाकी त्या त्या वर्षात वाटून प्रत्येक वर्षाचा कर पुन्हा काढावा लागतो आणि विवरणपत्राआधी फॉर्म 10ई भरावा लागतो. तो न भरता सवलत मागितली की बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रातून ती नाकारल्याची सूचना येते. हे काम कामगाराने स्वतः करावे असे मी म्हणणार नाही. इथे त्याने पैसे द्यावेत आणि आपण ते ताठ मानेने घ्यावेत. अकराव्या कराराची मुदत 30 जून 2026 ला संपते. बारावा करार लांबला की पुन्हा थकबाकी येणार, तेव्हा बेल्लमपल्लीत, बल्लारपुरात या सवलतीचा फॉर्म नीट भरणारे किती हात असतील याचा विचार आत्ताच करायला हवा. पुढच्या अंकात आम्ही तो फॉर्म एका नमुना कामगाराच्या आकड्यांनिशी पूर्ण सोडवून छापत आहोत.

निवृत्तीचे वर्षही असेच. ग्रॅच्युइटीची 20 लाखांची मर्यादा, रजा रोखीकरणाची 1 एप्रिल 2023 पासूनची 25 लाखांची मर्यादा, कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा हिशेब, आणि आलेला पैसा ठेवीत गेल्यावर पुढच्या वर्षापासून त्यावर सुरू होणारे व्याज. निधनानंतर वारसाला मिळणारे पैसे, गावाकडची विकलेली जमीन, मुलाच्या नावावर घेतलेला प्लॉट यांतल्या प्रत्येक गोष्टीला जाणता माणूस लागतो, आणि त्याची फी वाचवणे महागात पडते. बेल्लमपल्लीच्या जुन्या खाणी एकेक करून थांबल्या, निवृत्तांची संख्या वाढत गेली. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा अर्धा तास देणारा प्रामाणिक सल्लागार हवा आहे.

फी कशी घ्यावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सनदी लेखापालांना 1949 च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टानेच टक्केवारीवर किंवा निकालावर अवलंबून फी घ्यायला मनाई केली आहे. आपल्यापैकी जे सनदी लेखापाल नाहीत, त्यांच्यावर असे बंधन नाही. विवरणपत्र भरून देण्याच्या कामाला या देशात परवाना लागत नाही. म्हणून ते बंधन आपण आपल्यावर घालून घ्यावे. रिफंडावर टक्केवारी ठरली की पेन हातात घेणाऱ्याचा फायदा आकडा फुगवण्यात असतो, मग तो माणूस कितीही सज्जन असो. कामावर फी घ्या, तासावर घ्या, आधी सांगून घ्या, पावती द्या. लॉगिनवर करदात्याचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल असू द्या आणि पासवर्ड त्याच्या वहीत लिहून द्या. ओटीपी सांगण्याआधी त्याला वजावटींचे पान वाचून दाखवा, त्याच्या भाषेत, तेलुगूत किंवा मराठीत. खोट्या विवरणपत्राला मदत करणाऱ्यावर 1961 च्या कायद्याच्या कलम 278 खाली खटला होऊ शकतो. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाला असला, तरी त्याआधीच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो.

आता सगळ्यात अवघड माणूस. तो जुलैत येत नाही, कधीही येतो. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला 40 हजारांचा रिफंड आणून दिला, टक्केवारी घेतली, आणि आता त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाला नोटीस आली म्हणून त्याची झोप उडाली आहे. अनेकदा त्याला कुठली वजावट दाखवली गेली हेही माहीत नसते. आपल्याकडची नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे "नोटीस येईल तेव्हा बघू". ही प्रतिक्रिया त्याला खड्ड्यात ढकलते. आकारणी वर्ष संपल्यापासून साधारण 3 वर्षे 3 महिन्यांपर्यंत त्याचे प्रकरण पुन्हा उघडता येते, आणि उत्पन्न चुकीचे सांगितल्याचे ठरले तर कलम 270ए खाली कराच्या 200 टक्के दंड लागतो. म्हणजे 40 हजारांच्या कराबरोबर 80 हजारांचा दंड, शिवाय व्याज. याउलट नोटीस येण्याआधी अद्ययावत विवरणपत्र भरले तर आकारणी वर्ष संपल्यापासून पहिल्या 12 महिन्यांत कर आणि व्याजावर 25 टक्के, 24 महिन्यांपर्यंत 50, 36 महिन्यांपर्यंत 60 आणि 48 महिन्यांपर्यंत 70 टक्के जादा रक्कम भरावी लागते. थांबावे तितका बोजा वाढत जातो.

या माणसाला समोर बसवा, पोर्टलवरून जुने विवरणपत्र उतरवून घ्या, खोटी ओळ त्याला बोटाने दाखवा आणि आज भरले तर किती, पुढच्या मार्चनंतर भरले तर किती, हे दोन आकडे कागदावर लिहून द्या. त्याला चोर समजून बोलू नका. ज्याने त्याला फसवले तो आपल्याच व्यवसायाची पाटी लावून बसला होता. एवढ्या आकडेमोडीची फी या हंगामात कुणी घेऊ नये, अशी माझी प्रत्येक वाचकाला विनंती आहे.