गाण्यांची पेटी

ज्या घरांत पूर्वीं ग्रामोफोन असे, त्या घरांत तबकड्यांची एक पेटीही असे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. बालगंधर्वांचीं दहा पदें ऐकावयाचीं तर पांच जड तबकड्या सांभाळाव्या लागत. तबकडी पडली कीं फुटे. म्हणून घरांतील कर्ता मनुष्य ती पेटी स्वतः उघडी, नांव वाचून तबकडी काढी आणि गाणें संपल्यावर ती जागच्या जागीं ठेवी. आज पांढरकवड्याच्या बाजारांत भाजी घेणाऱ्याच्या खिशांतही हजार गाणीं सहज असतात. एमपी-३ पद्धतीच्या साधारण प्रतीच्या ध्वनिमुद्रणास मिनिटास सुमारें एक मेगाबाइट जागा लागते. पांच मिनिटांचीं हजार गाणीं पांच गिगाबाइटांत बसतात, आणि नखाएवढ्या मेमरी कार्डावर त्याच्या कित्येक पट राहतात. संग्रह वाढला, पेटी मात्र नाहींशी झाली.

तिची उणीव आम्हांस स्वतःच्या घरींच भासली. आमच्या मातोश्री जात्यावरच्या ओव्या म्हणत. त्यांच्या अखेरच्या वर्षीं त्यांपैकीं कांहीं आम्हीं फोनवर उतरून घेतल्या. पुढें तो फोन बिघडला आणि दुरुस्तींत आंतील सर्व कांहीं पुसलें गेलें. त्यांतील चित्रपटगीतें एका सायंकाळींच परत मिळालीं. कारण तीं इतरत्रही होतीं. ओव्या परत मिळाल्या नाहींत. कारण त्या जगांत फक्त तेथेंच होत्या. जें कोठेंही मिळतें त्याच्या चार प्रती, आणि जें एकमेव त्याची एकच प्रत, असा आमचा उलटा हिशेब होता.

कोणी म्हणेल, "आतां संग्रह करावयाचाच कशाला? इंटरनेटवर पाहिजे तें गाणें पाहिजे तेव्हां ऐकतां येतें." ही सोय मोठी आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती भाड्याची खोली आहे, मालकीचें घर नव्हे. गूगलची प्ले म्युझिक ही सेवा २०२० सालीं बंद झाली. विंक म्युझिक २०२४ सालीं बंद झाली. मायस्पेस या संकेतस्थळावर लोकांनीं २०१५ पर्यंत ठेविलेलीं गाणीं यंत्रांच्या अदलाबदलींत नष्ट झाल्याचें २०१९ सालीं उघड झालें. शिवाय आमच्या केळापूर तालुक्यांत मराठीबरोबर गोंडी, कोलामी व तेलुगू बोलणारीं घरें आहेत. त्या घरांतील आजीचें लग्नगीत कोणत्या कंपनीच्या यादींत सांपडणार?

याउलट एक उदाहरण पाहा. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनीं पुण्याहून १९८० नंतरच्या दशकांत जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचें काम आरंभिलें. खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून मिळालेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें त्यांपैकीं हजारों ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. दोघेही संग्राहक आज हयात नाहींत; तरी २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या ओव्या जगास ऐकावयास मिळत आहेत. हा संग्रह टिकला, कारण तो एका यंत्राच्या भरंवशावर सोडलेला नव्हता. आणि तो उपयोगी पडतो, कारण ओवीबरोबर म्हणणारीचें नांव व गांव नोंदविलें गेलें.

तेव्हां आम्हीं काय करावें? पहिली गोष्ट ही कीं, फोन ही पेटी नव्हे. ती बाजाराची पिशवी आहे. मूळ संग्रह एका ठिकाणीं असावा आणि फोन, मोटारींतील पेन ड्राइव्ह, घरचा स्पीकर यांस तेथून प्रती द्याव्या. घरीं संगणक नसेल तर एक चांगला पेन ड्राइव्हही पेटीचें काम करील. दुसरी गोष्ट नांवाची. गाण्याच्या फाइलींतच नांव लिहिण्याची सोय १९९६ सालीं निघाली. आरंभीं तींत शीर्षकास तीसच रोमन अक्षरांची जागा होती, परंतु पुढें देवनागरीही लिहितां येऊं लागली. असें असतां 'ट्रॅक ०१' या नांवाचीं पन्नास गाणीं बाळगणें हा निव्वळ आळस होय. तिसरी गोष्ट प्रतींची. जें एकमेव आहे त्याच्या तीन प्रती कराव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर ठेवाव्या, आणि एक प्रत घराबाहेर, नागपूरच्या मामांकडे म्हणा, असूं द्यावी. आमचा शेतकरी पेरणीसाठीं राखलेलें बियाणें विकावयाच्या धान्यांत मिसळत नाहीं. तोच विवेक येथें हवा.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचीं गाणीं मुद्रित झालीं, तेव्हां गाण्याच्या अखेरीस त्यांनीं स्वतःचें नांव उच्चारिलें. कारण तबकड्या जर्मनींत तयार व्हावयाच्या होत्या आणि तेथील कारागिरांस गाणारीची ओळख पटावयास हवी होती. ती युक्ति आजही उपयोगाची आहे. फाइलीचें नांव बदलेल, परंतु आवाजांतलें नांव जाणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत आजीजवळ किंवा आजोबांजवळ बसा. त्यांचें एक गाणें घ्या. आरंभीं त्यांच्याच तोंडून नांव, गांव व तारीख येऊं द्या. आणि त्याच सायंकाळीं त्याची दुसरी प्रत करा. तें गाणें घराबाहेर पाठविण्यापूर्वीं त्यांची परवानगी अवश्य घ्या. पालकांनीं मुलांस नवा फोन देतांना जुन्या फोनमध्यें काय आहे हें आधीं एकदां पाहावें. चित्रपटांचीं गाणीं सांभाळणारे पुष्कळ आहेत. आमच्या घरांतील आवाज सांभाळणारे आम्हीच. दुसरें कोणी नाहीं.