फोटोसाठी लावलेला चिमटा



परसात मोबाइल घेऊन फिरायची माझी सवय आता घरात सगळ्यांना माहीत झाली आहे. चार वर्षांचे फोटो साठलेत. मृगात निघणारे लाल मखमली किडे, थंडीत दवाने भिजलेली कोळ्याची जाळी, शेवग्याच्या फुलांवरचा सूर्यपक्षी. पण सगळ्यात जास्त फोटो आहेत लिंबावरच्या सुरवंटांचे.

हा सुरवंट लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो. मोठा झाला की पानासारखा हिरवागार. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढतो आणि उग्र वास सोडतो. आमच्या आई (सासूबाई) आणि मी, दोघी त्याला कागदावर अलगद घेऊन रस्त्यापलीकडच्या गवतात सोडायचो. जीव वाचवला या समाधानात चहा प्यायचो! रोज फोटो काढायला लागल्यावर कळलं, तो फक्त लिंबू, कढीपत्ता, बेल अशा एकाच कुळातल्या झाडांची पानं खातो. गवतात तो उपाशी मरत असणार. इतकी वर्षं आम्ही दया समजून काय करत होतो! आता एक फांदी त्यांचीच. झाडाला पुन्हा पालवी येते, लिंबं थोडी कमी मिळतात, इतकंच.

म्हणून फोटो काढावेत असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे नजर खाली राहते, पाऊल जपून पडतं. ईर्यासमिती पुस्तकात वाचली होती, पायाला ती पावसाळी परसात कळली.

पण दुसरी बाजूही सांगते, ती सांगायला जड जातं.

मागच्या आषाढात अंजिराच्या पानात शिंप्याने घरटं शिवलं. दोन पानं, कोळ्याच्या जाळ्याचे आणि कापसाचे टाके. आत तीन पिल्लं. उजेड पडेना, म्हणून मी वरचं पान कपड्यांच्या चिमट्याने बाजूच्या फांदीला अडकवलं. फोटो सुंदर आला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी आत गेले. चिमटा तसाच राहिला.

सकाळी घरटं रिकामं होतं. कावळा आला की मांजर, कोण जाणे. पण आडोसा मी काढला होता. मुद्दाम थोडंच केलं, असं मनाला समजावून पाहिलं. तत्त्वार्थसूत्र मात्र हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घालतं, तिथे ही पळवाट उरत नाही. तो फोटो मी कोणाला पाठवला नाही.

हल्ली कुणी किडा हलू नये म्हणून फ्रिजमध्ये गारठवून फोटो काढतात, कुणी पिल्लांवर फ्लॅश मारतात. आपल्या मुलांनाही हा नाद लागतोय. माझं म्हणणं एवढंच, कॅमेरा न्यावा, पण हात लावू नये. फांदी आड आली तर आड येऊ द्यावी. घरटं दिसलं तर मागे फिरावं, आणि ते कुठे आहे हे ग्रुपवर टाकू नये.

यंदा अंजिरावर पुन्हा शिवणकाम चाललंय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धं पान आणि उभारलेली शेपटी तेवढी दिसते. फोटो धूसर येतो. आई विचारतात, "पिल्लं निघाली का गं?" मी सांगते, आवाज येतोय.