मारणाऱ्याला पंच कधीं विचारणार?

शेजाऱ्याचा बैल पिकांत शिरला कीं आमची मंडळी त्याच रात्रीं पंच गोळा करतात. पण शेजारची बाई नवऱ्याचा मार खाऊन रक्तबंबाळ झाली तर म्हणतात, 'तो त्यांच्या घरचा प्रश्न!' वीतभर बांधासाठीं पंच चालतात, बाईसाठीं चालत नाहींत. हा कोणता न्याय?

आमच्या नंदुरबारच्या मुलुखानें याचें उत्तर पन्नास वर्षांपूर्वींच दिलें आहे, तें आम्हीं विसरलों याचें नवल वाटतें. १९७२ सालीं शहादें भागांत श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांसारखे भिल्ल पुढारी तिच्यांत होते. लढा गेलेल्या जमिनीचा आणि सालदाराच्या मजुरीचा. पण शिबिरांत बाया बोलूं लागल्या, तेव्हां मजुरीबरोबर दारू आणि मारहाणहि त्यांनीं पुढें मांडली. नुसती मांडून त्या थांबल्या नाहींत. जमाव करून त्यांनीं गांवोगांव दारूचीं मडकीं फोडलीं, आणि बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत उभें करून जाब विचारला. ह्या कांहीं शहरच्या शिकलेल्या बाया नव्हत्या, निंदणी-कापणी करणाऱ्या मजूर बाया होत्या.

दारू सुटली कीं मार थांबेल, असें कांहीं शहाणे सांगतात. दारू जावी हें खरेंच. परंतु तोच नवरा झिंगलेला असतां सावकारावर किंवा फौजदारावर हात टाकीत नाहीं, हें ध्यानांत घ्या. बायकोवरच हात कां उठतो? आपली वस्तु म्हणून! सपाटीवर हुंडा, डोंगरांत देज. पैसा इकडून तिकडे गेला काय, तिकडून इकडे आला काय, पाठ बाईचीच सोलते.

सातपुड्यांत याहून भयंकर प्रकार आहे. मूल आजारी पडलें, गुरूं मेलें, कीं भगत कोणा बाईकडे बोट दाखवितो, ती डाकीण! मग तिला मारहाण, गांवांतून हुसकणें, प्रसंगीं जीव घेणें. अशी बाई पुष्कळदां एकटी, विधवा, आणि जमिनीवर हक्क सांगणारी कां निघते, हें भगतालाच विचारा. भटजीचें पंचांग सोडावयाचें तें भगताच्या पायां पडण्यासाठीं काय? डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २०१३ सालच्या खुनानंतर झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यांत असा आळ घेणें गुन्हा आहे.

कायदे आहेत. शाहू छत्रपतींनीं १९१९ सालींच कोल्हापुरांत स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या देशाच्या स्वतंत्र कायद्याला २००५ साल उजाडावें लागलें! पण ठाणें दूर असतें आणि शेजार जवळ. शिवाय जिच्या नांवावर कांहीं नाहीं ती मार खाऊन जाणार कोठें? हिंदु वारसा कायद्यानें मुलीला बरोबरीचा वाटा दिला, परंतु तो अनुसूचित जमातींना लागू नाहीं; अक्कलकुवा-धडगांवच्या भिल्ल-पावरा मुलीला त्याचा आधार नाहीं. मात्र कायद्याची वाट न पाहतां, शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ति मोहिमेंत पुष्कळ शेतकऱ्यांनीं आपण होऊन बायकोच्या नांवें जमीन केली. आमच्या पाटलांना, सुतार-कुंभारांना तें कां जमूं नये?

ग्रामसभेआधीं बायांची सभा घ्यावी असा नियम आहे. कित्येक गांवीं ती वहींतच भरते. येत्या खेपेस ती खरोखर भरवा. रात्रीं ओरड ऐकूं आली तर कोणत्या पांच घरांनीं उठावयाचें, तीं नांवें ठरवून चावडीवर लावा. पांचांत तीन नांवें बायांचीं असावींत.