कसब आणि मुलूख

ठाण्याच्या वागळे इस्टेटीपासून डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत कोणत्याही कारखान्याच्या कचेरीत घटकाभर बसले, की माणसांच्या कसबाविषयीचे ठरीव निवाडे कानी पडतात : उत्तरेकडचा मजूर निमूटपणे राबतो, दक्षिणेकडचा हिशेबाला पक्का, आणि इथला भूमिपुत्र म्हणजे कामापेक्षा युनियनबाजीच अधिक. या निवाड्यांचा पुरावा मागितलाच पाहिजे. कारण कसब हे जन्मभूमीबरोबर वारसाहक्काने मिळते, ही समजूत या प्रांतातील कामगारांना फार महागात पडलेली आहे.

मुंबईच्या गिरण्यांचेच पाहा. विणाई खात्यातील मजुरी सूतखात्यापेक्षा चांगली, आणि ते काम मराठा व मुसलमान विणकरांच्याच हातचे, असा सर्वमान्य समज होता. वास्तविक कारण निराळे होते. कांडी संपली, की नवी कांडी धोट्यात बसवून तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाचे ओठ ज्या धोट्याला लागले त्याला तोंड लावण्यास इतर कामगार राजी नसत; म्हणून त्या खात्याचे दारच त्याला बंद. ज्याला मागापाशी उभे राहू दिले नाही, त्याच्या अंगी विणकराचे कसब नाही असे म्हणणे हा कोणता न्याय? 1928 च्या संपात ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला, आणि संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीने मान्य केली. ती नाखुशी मला आजही बोचते. तथापि कामगारांची मागणी मांडावयास एक संघटित व्यासपीठ होते, म्हणूनच हा प्रश्न तेथे उभा तरी राहू शकला, हेही तितकेच खरे.

त्या व्यासपीठाचा पाया घालणारे नारायण मेघाजी लोखंडे जन्माने ठाण्याचेच. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि 1890 मध्ये रविवारची सुटी मिळवली. ती सुटी घेताना कोणी कामगाराचा मुलूख विचारला नाही.

आज परप्रांतीयाच्या ज्या निमूटपणाची एवढी वाखाणणी होते, तो त्याच्या स्वभावाचा गुण नव्हे. गाव दूर, खोली ठेकेदाराच्या ओळखीची, आणि उद्याची हजेरी त्याच्याच मर्जीवर, असा माणूस बोलणार कोणाच्या बळावर? 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी डोंबिवलीच्या याच वसाहतीत झालेल्या भीषण स्फोटांनंतर तरी, यंत्रात काही बिघाड दिसताच निर्भयपणे ओरडू शकणारा कामगार ‘कटकट्या’ न ठरता कारखान्याची ठेव ठरावयास हवा होता.

अलीकडे एका लहान कारखान्याचा हजेरीपट पाहण्यात आला. गोरखपूरकडचा वेल्डर आणि मुरबाडचा टर्नर, दोघेही कित्येक वर्षांचे मुरलेले कारागीर. किमान वेतनाच्या ‘कुशल, अर्धकुशल, अकुशल’ या तीन वर्गांपैकी शेवटचाच दोघांच्या नावापुढे भरलेला. पहिला परका म्हणून स्वस्त, दुसरा स्थानिक म्हणून नकोसा, आणि कचेरीतले कौतुक व निंदा काहीही असो, पगारपत्रकात मात्र दोघांची किंमत एकच. कल्याण-डोंबिवलीत कामगार संघटनेला नव्याने काम सुरू करावयाचे असेल, तर तिने पहिला अर्ज या रकान्याच्या दुरुस्तीसाठी करावा, आणि तो दोघांच्या सहीने एकत्रच करावा.