विश्लेषण : जहाज आठला पोहोचते, प्रवासी किनाऱ्यावर कधी? क्रूझच्या ‘टेंडर’ बंदराचे गणित

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर जहाज सकाळी 8 वाजता पोहोचेल, असे क्रूझच्या वेळापत्रकात छापलेले असते. ते पाहून एखादे कुटुंब घरबसल्या स्थानिक टूरवाल्याची साडेआठची गाडी ठरवते, पैसेही भरून टाकते. त्या दिवशी जहाज 8 वाजता पोहोचतेही. पण साडेआठला हे कुटुंब जहाजाच्याच हॉलमध्ये नंबराचा कागद हातात धरून बसलेले असते. समोर बेट दिसते, मात्र तिथे नेणारी बोट अजून मिळालेली नसते. गाडी निघून जाते आणि पैसेही. जहाजाला उशीर झालेला नसतो. छापलेली वेळ जहाजाची असते, प्रवाशाची नसते.

टेंडर म्हणजे काय?

प्रत्येक बंदरात मोठे जहाज धक्क्याला लागू शकत नाही. कुठे पाणी उथळ असते, कुठे धक्का छोटा, तर कुठे तो नसतोच. अशा वेळी जहाज समुद्रात थांबते आणि प्रवासी छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जातात. या बोटीला टेंडर म्हणतात. अनेकदा जहाजाच्या लाइफबोटीच हे काम करतात. कोकणातल्या जुन्या पिढीला हे नवे नाही. मुंबई-गोवा बोटसेवेच्या काळात कितीतरी बंदरांत बोट खोल पाण्यात थांबे आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून किनाऱ्यावर येत.

सँटोरिनीची अडचण उलटी आहे. ज्वालामुखी खचून तयार झालेल्या विवरात इथे समुद्र शिरला आहे आणि पाणी काही ठिकाणी 400 मीटरच्या जवळपास खोल आहे. नांगर टाकणे अवघड असल्याने जहाजे इंजिनांच्या जोरावर जागा धरून राहतात आणि प्रवाशांची ने-आण स्थानिक बोटी करतात.

वेळ नेमका कुठे जातो?

जहाज थांबले की लगेच कोणी उतरत नाही. आधी बंदर अधिकाऱ्यांची परवानगी, मग बोटी पाण्यात सोडणे, मग रांग. या रांगेत सगळे सारखे नसतात. जहाज कंपनीची सहल घेतलेले प्रवासी साधारणपणे आधी जातात. महागड्या सुइटमधल्या आणि वारंवार प्रवास करणाऱ्या ग्राहकांनाही बहुतेक कंपन्या प्राधान्य देतात. बाकीच्यांना नंबर मिळतात. गर्दी ओसरली की नंबर बंद होतात आणि कोणीही थेट बोटीत बसू शकते.

एक ढोबळ हिशेब मांडू. समजा, 2,400 प्रवाशांना उतरायचे आहे. बोटी 4, प्रत्येकीत 100 माणसे. माणसे भरणे, जाणे, उतरवणे आणि परत येणे याला अर्धा तास लागतो. म्हणजे तासाला 800 माणसे. सगळे उतरायला 3 तास. त्यातले पहिले 800 कंपनीच्या सहलीचे असतील, तर पहिला तास त्यांचाच. परवानगी आणि तयारीचा अर्धा तास धरला, तर स्वतंत्र प्रवाशाचा नंबर साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान कधीही लागेल. त्यात एक बोट बंद पडली, की 3 तासांचे 4 तास होतात.

बोटीतून उतरले की झाले?

नाही. सँटोरिनीत कंपनीच्या सहलीचे प्रवासी सहसा अथिनिओस बंदरात उतरतात. तिथे बस उभी असते. बाकीचे फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात उतरतात. गाव तिथून सुमारे 220 मीटर उंचावर आहे. वर जायला केबल कार आहे. प्रवास अवघा 3 मिनिटांचा, पण एका फेरीत 6 डब्यांत मिळून 36 जणच मावतात. एका बोटीची माणसे वर न्यायलाच तीन-चार फेऱ्या लागतात. दुसरा पर्याय सुमारे 600 पायऱ्यांचा, आणि त्याच वाटेवर गाढवेही चालतात. 2025 पासून बेटावर दिवसाला 8 हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे. पण त्यातले बरेचसे सकाळच्या त्याच दोन-तीन तासांत आले, तर रांग लांबणारच. दुपारी परतताना हीच रांग उलट दिशेने लागते.

घड्याळाचा घोळ काय असतो?

कॅरेबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावरही मोठ्या क्रूझसाठी धक्का नाही. तो बांधावा का, यावर 2025 मध्ये सार्वमत झाले आणि लोकांनी नकार दिला. त्यामुळे टेंडर कायम आहे. हे बेट उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, मायामी मात्र करते. मायामीहून निघालेल्या जहाजाने आपली वेळ तशीच ठेवली, तर बेटावर मोबाइल आपोआप एक तास मागे जातो. मोबाइलवर 3 वाजलेले असताना जहाजावर 4 वाजलेले असतात. शेवटची बोट चुकायला एवढे पुरते.

बोट चुकली तर?

कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते किंवा प्रवाशाला पुढे पोहोचवण्याची सोय कंपनी करते. स्वतंत्र प्रवाशासाठी जहाज थांबेलच असे नाही. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च त्याचा. भारतीय पासपोर्टवर आणखी एक धोका आहे. ज्या देशात क्रूझने काही तासांसाठी उतरायला वेगळा व्हिसा लागत नाही, तिथेच विमानाने जायचे तर तो लागू शकतो.

मग स्वतंत्र सहल घ्यायचीच नाही?

तसे नाही. छोटी गाडी, आपल्या सोयीची वेळ, सोबत वयस्कर आईवडील, बजेट मर्यादित. अशा वेळी स्वतंत्र सहलच बरी पडते. फक्त हिशेब जहाजाच्या नव्हे, स्वतःच्या उतरण्याच्या वेळेचा करावा. टेंडर बंदरात छापील वेळेनंतर किमान दोन ते अडीच तासांनी सहल सुरू होईल असे पाहावे. टूरवाल्याला जहाजाचे नाव आणि ‘टेंडर’ हा शब्द लेखी कळवावा. लाटांमुळे बंदर रद्द झाले तर पैसे परत मिळतील का, हे आधी विचारावे. नंबर कुठे आणि कधी मिळतात, हे आदल्या रात्रीच पाहून ठेवावे. परतीला शेवटच्या बोटीची नव्हे, तिच्या एक तास आधीची वेळ धरावी. गुडघ्यांचा त्रास किंवा व्हीलचेअर असेल, तर हलत्या बोटीत चढता येईल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारावे.

जबाबदारी फक्त प्रवाशाची?

इथे कंपन्यांनाही प्रश्न विचारायला हवा. आपल्या सहलीच्या प्रवाशांना आधी सोडणे समजण्यासारखे आहे, त्यांच्या बस थांबलेल्या असतात. पण रांगेत मागे कोण राहणार, हे कंपनीला आधीच माहीत असते. किती बोटी, किती माणसे, मागच्या खेपेला किती वेळ लागला, हेही तिच्याकडे असते. तरी वेळापत्रकात जहाज पोहोचण्याचीच वेळ ठळक असते. टेंडरची खूण असली, तरी तिचा अर्थ पहिल्यांदा क्रूझ करणाऱ्याला कळत नाही. हवामानामुळे नक्की वेळ सांगता येत नाही, हे खरे. पण रेल्वेही अंदाजित वेळ सांगते आणि बदलली की पुन्हा सांगते. ‘प्राधान्य नसलेल्या प्रवाशांना साधारण 10 नंतर उतरता येईल’ एवढी एक ओळ बुकिंगच्या पानावर छापायला काहीच अडचण नाही.

हा प्रश्न फक्त परदेशातला नाही. लक्षद्वीपच्या अगत्तीलाही क्रूझचे प्रवासी छोट्या बोटीनेच उतरतात. अनेक घरांत क्रूझ ही वर्षानुवर्षांच्या बचतीतून होणारी एकदाची सहल असते. तिचा अर्धा दिवस रांगेत जाणार असेल, तर ते पैसे भरण्यापूर्वी कळणे हा ग्राहकाचा साधा हक्क आहे. ती ओळ छापली जाईपर्यंत एवढेच लक्षात ठेवायचे : जहाज आठला पोहोचले, तरी आपली सहल साडेदहाच्या आधी धरायची नाही.