यकृतातील चरबी आणि अंतःस्राव

“आयुष्यात मद्याचा थेंब ओठांस लावला नाही, मग माझे यकृत कसे बिघडले?” पन्नाशीकडे झुकलेल्या कित्येक माता तपासणीनंतर असा प्रश्न करतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, कधी घरच्यांच्याही, नजरेत संशय डोकावतो. वाचकहो, हा संशय अन्यायाचा आहे. मद्यपानाने यकृतात चरबी साठते हे खरे. परंतु मद्याला न शिवणाऱ्यांच्या यकृतातही ती साठते, आणि त्यामागे पुष्कळदा अंतःस्रावांचा, म्हणजे हॉर्मोनांचा, बिघडलेला मेळ असतो.

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. त्यात शेकडा ५ हून अधिक चरबी साठली की तो विकार समजावा.

यात पहिला वाटा इन्सुलिनचा. स्वादुपिंडातून स्रवणारे हे द्रव्य १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी शोधून काढले. शरीरातील चरबी तिच्या कोठारांत राखून ठेवणे, हे त्याचे एक काम. शरीर त्याची आज्ञा जुमानीनासे झाले की ती चरबी सुटून रक्तावाटे यकृतात येते. स्वादुपिंड मग अधिकच इन्सुलिन स्रवते आणि त्याच्या जोराने यकृत साखरेचीही चरबी बनवू लागते. अशी दोन्ही वाटांनी भर पडते.

कंठातील थायरॉइड ग्रंथीचा स्राव यकृतातील चरबी जाळण्यास साहाय्य करतो. तो मंदावला की चरबी साचण्याचा संभव वाढतो. याच तत्त्वावर बेतलेल्या रेसमेटिरोम या औषधास अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. स्त्रियांच्या यकृताचे काही अंशी रक्षण करते ते इस्ट्रोजेन. मासिक पाळी कायमची थांबल्यावर हे कवच विरते. म्हणूनच त्या वयात हा विकार अनेकींना गाठतो.

आरंभी हे दुखणे बोलत नाही; दुर्लक्ष केल्यास मात्र काहींचे यकृत कालांतराने घट्ट व निकामी होते. म्हणून रक्तातील साखर आणि थायरॉइड यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. स्थूल व्यक्तीने वजन शेकडा ७ ते १० ने उतरविल्यास यकृतातील चरबी व दाह बहुधा ओसरतात. गोड चहा व मिठाई आवरावी, रोज चालावे, आणि ऐकीव काढ्यांच्या नादी लागू नये.

आणि घरच्यांनी? आईस दोष न देता सायंकाळी तिच्यासोबत चार पावले चालावे. तिच्या औषधोपचारात हाही एक भाग आहे.